दोन मायक्रोफोन, पाच गाणी

इंदोरा, नागपूर
१२ जून १९८७

चि. लहानू यास सप्रेम जयभीम.

मंडळाच्या स्मरणिकेतील तुझा लेख वाचला. अकराव्या पृष्ठावर तू लिहितोस : "१९६७ साली विहाराच्या सभागृहात ध्वनिमुद्रित झालेली दुसऱ्या टेपवरील पाचही गाणी माझी आई, कालकथित देवकीबाई, यांनी गायलेली आहेत." या एका वाक्यात तीन चुका आहेत. साल १९६७ नव्हे, १९६८. मार्च महिन्याची १२ तारीख. स्थळ सभागृह नव्हे, माझ्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग. खिडक्यांना गाद्या बांधण्याची सोय तिथेच होती. आणि गाणी तुझ्या आईची नव्हेत, तुळसाबाईंची आहेत. पहिल्या दोन चुका स्मरणाच्या आहेत. तिसरी मात्र एका जिवंत बाईच्या तोंडातून तिची गाणी काढून घेणारी आहे.

तुझा तर्क मला कळतो. १९६४ च्या पहिल्या टेपवरचा आवाज तुळसाबाईंचा, हे तुलाही मान्य आहे. तो जड आणि भरीव आहे. दुसऱ्या टेपवरचा आवाज बारीक आणि कोवळा आहे. म्हणून बाई दुसरी. पण दोन्ही वेळी मायक्रोफोन निराळा होता, हे तू विसरतोस. पहिला फितीचा होता. त्यात दोन चुंबकांमध्ये ॲल्युमिनियमची पातळ फीत टांगलेली असते आणि ती आवाजाने थरथरते. दुसरा पडद्याचा, साधा होता. चष्मा बदलला की रंग बदलतो. माणूस बदलत नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर तुळसाबाई कुजबुजण्यापलीकडे बोलू शकत नाहीत. त्या गाऊन दाखवू शकत नाहीत, म्हणून हे मला बोलावे लागते. दसऱ्याला कॅसेट निघणार आहे. वेष्टणावर एकदा नाव छापले गेले की पुढच्या पिढ्या तेच खरे धरतील.

एका बाबतीत तुझ्याशी सहमत आहे. पाचवे, शाळेचे गाणे तू कॅसेटमधून वगळणार आहेस, ते योग्यच. ते सुमार उतरले आहे. ओळीच्या मध्येच श्वास तुटतो.

तुझा,
देवराव खोब्रागडे

*

कोराडी वसाहत
२१ जून १९८७

आदरणीय गुरुजींना सविनय जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. सोबत माझा लेख लाल शाईनं तपासून पाठवला, तो पाहून पुन्हा सहावीच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. बायको म्हणते, किती मार्क पडले ते तरी सांगा.

सालाचं अन् वर्गाचं मान्य. पण गुरुजी, मायक्रोफोन बदलला त बाई बदलल्यासारखी वाटते, हे मले पटत नाही. मी पॉवर हाऊसमधे दिवसभर मीटर पाहतो. एक मीटर बिघडला त दुसरा लावतो, पण वीज तीच राहते अन् आकडाही तोच येते.

आणखी ऐका. मी मागच्या रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन पारशिवनीले गेलो. तुळसामावशीले पहिली तीन गाणी ऐकवली. तिनं डोळे मिटून ऐकलं. मंग हळूच म्हणाली, "हा माहा आवाज नोहे, बापू." आता ज्याचा गळा तोच नाही म्हणते, तर तुम्ही कोणासाठी भांडून राहिले?

माय गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तिचा एक फोटो आहे, तोही घोळक्यातला, चेहरा अर्धा झाकलेला. तिसरं गाणं लागलं की ती चुलीपुढून उठून माझ्याकडे येते. हे मी कोणाकडून शिकून घेतलं नाही, गुरुजी.

वेष्टण पंधरा सप्टेंबरले छापायले जाते. तोवर तुम्ही सिद्ध करा, मी नाव बदलतो. नाही तर आईचं राहील.

तुमचा विद्यार्थी,
लहानू

*

इंदोरा, नागपूर
१ जुलै १९८७

चि. चारुलता हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईकडून कळले की, बंगलोरच्या तुमच्या संस्थेत आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून त्यावर संगणकाने काम करता येते. तुला एक काम सांगतो. ते करता येणार नसेल तर तसे स्पष्ट लिही. "बघते" असे लिहू नकोस.

सोबत लाकडी खोक्यात दोन मायक्रोफोन आहेत. दोन्ही मी सीताबर्डीच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून घेतले होते आणि तेव्हापासून फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. फितीच्या मायक्रोफोनने १९६४ ची टेप झाली, दुसऱ्याने १९६८ ची. दोन्ही टेपांची मूळ चाकेही पाठवली आहेत. पहिलीवर तुळसाबाई आहेत, याबद्दल वाद नाही. दुसरीवर कोण, हा प्रश्न आहे. लहानू म्हणतो त्याची आई देवकी. ती तुळसाबाईंच्या मागे, सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांत उभी राहत असे. मी म्हणतो तुळसाबाई.

१२ मार्च १९६८ रोजी चार गाणी झाली. त्या चारही वेळी मी तुळसाबाईंच्या शेजारी उभा होतो. पाचवे राहिले. दुसऱ्या दिवशी मला पारशिवनीच्या परीक्षा केंद्रावर जावे लागले, म्हणून ते शाळेचा शिपाई कवडू याने यंत्र चालवून घेतले. नव्या कॅसेटमधून ते वगळायचे आहे. कवडू पुढे बिलासपूरला गेला. त्याचा पत्ता नाही.

माझ्या शब्दावर लहानू विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये. मी त्याला वर्गात तसेच शिकवले आहे. मला पुरावा हवा.

तुझा,
नानाजी

*

बंगलोर
४ ऑगस्ट १९८७

आदरणीय नानाजी, जयभीम.

काम करता येतं. मी "बघते" असं लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

आधी काय केलं ते सांगते. मायक्रोफोन म्हणजे एक कान, आणि प्रत्येक कानाला खोड असते. कोणी खालचे जाड सूर वाढवून ऐकतो, कोणी वरचे बारीक सूर खातो. ती खोड मोजता येते. बंद खोलीत भोंग्यातून खालपासून वरपर्यंत सगळे सूर सारख्या जोराने वाजवले. ते आधी आमच्या प्रयोगशाळेतल्या अचूक मायक्रोफोनने ऐकले, मग तुमच्या दोन्हींनी. कुठल्या सुराला कोणता कान किती वाढवतो, किती घटवतो, ते कागदावर उतरलं. अशी दोन्ही कानांची कुंडली तयार झाली.

आता गंमत. दुसऱ्या टेपवरच्या गाण्याचे संगणकात आकडे केले, एका सेकंदाचे हजारो. त्यातून दुसऱ्या मायक्रोफोनची खोड भागून काढली आणि फितीच्या मायक्रोफोनची खोड गुणून घातली. म्हणजे १९६८ चं गाणं १९६४ च्या कानाने ऐकलं असतं तर कसं उतरलं असतं, ते. मायक्रोफोन जागेवर नाही, फक्त त्याची सवय आकड्यांत आहे. आमचे सर म्हणतात, पुढे स्टुडिओत शंभर मायक्रोफोन ठेवावे लागणार नाहीत. एका चांगल्या मायक्रोफोनने मुद्रण करायचं आणि बाकीचे आकड्यांतून घालायचे. आज मात्र एका कडव्याला आमचं यंत्र अख्खी दुपार खातं, आणि रांगेतले बाकी विद्यार्थी मला शिव्या देतात.

निकाल : आवाज तुळसाआजींच्या दिशेने सरकला, पण पोचला नाही. वरचे सूर जुळले. खालचं वजन मात्र पहिल्या टेपवर कितीतरी जास्त आहे. एवढ्यावर लहानूमामा ऐकणार नाहीत, आणि खरं सांगू, मीही ऐकणार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली : तुळसाआजी मायक्रोफोनपासून किती अंतरावर होत्या? फितीच्या मायक्रोफोनच्या फार जवळ तोंड नेलं की जाड सूर फुगतात. मी मोजमाप हातभर अंतरावरून केलं आहे. दुसरी : तुमची फीत सैल पडली आहे. ती नुसत्या वयाने अशी पडत नाही. कोणी तिच्यावर फुंकर मारली होती का?

तुमची,
चारू

*

इंदोरा, नागपूर
१२ ऑगस्ट १९८७

चि. चारुलता,

आपल्या घरात कुंडली काढली जात नाही. कोणाच्याही कानाची नव्हे. 'नकाशा' म्हण.

अंतराबद्दल शंका नको. १९६४ साली मी स्वतः फुटपट्टीने मोजून जमिनीवर खडूची रेघ मारली होती. तुळसाबाई त्या रेघेवर उभ्या होत्या. मी त्यांना उभे केले, शेजारच्या वर्गात यंत्रापाशी गेलो, दार लावले आणि काचेवर टकटक करून खूण दिली. १९६८ साली यंत्र त्याच वर्गात होते, म्हणून मी शेजारी उभा राहिलो. रेघ दोन्ही वेळी हातभर अंतरावरच. फुंकर मारण्याइतके अडाणी तिथे कोणी नव्हते.

तरीही तू विचारलेस म्हणून तुळसाबाईंना पत्र टाकले आहे. त्या माझ्या म्हणण्याला दुजोरा देतील. आलेले उत्तर जसेच्या तसे तुला धाडीन.

तुझा,
नानाजी

*

पारशिवनी
२२ ऑगस्ट १९८७

मास्तरायले तुळसाबाईचा जयभीम. लिहिणार सून कुसुम. आत्याबाई हळू बोलतात, मी कान तोंडाजवळ नेऊन लिहून राहिली. म्हणतात ते तसंच लिहिते.

मास्तर, तुमची रेघ मले आठवते. पांढरी होती. तुम्ही म्हटलं इथं उभ्या राहा, मी उभी राहिली. तुम्ही पलीकडे गेले, दार लावलं. त्या खोलीत गाद्याच गाद्या. माहा आवाज मलेच ऐकू ये ना. आमी मैदानात गाणारे. तिथं भोंग्याचा माईक असते, त्याले तोंड चिकटवल्याबिगर आवाज निंघत नाही, अन् भोंगा बोंबलला का आपल्याले कळते, लोकायले पोचलं म्हणून. तुमच्या त्या डब्यातून काही परत येईच ना. मले वाटलं बिघडला. म्हणून दार लागलं का मी रेघ सोडून पुढं सरको अन् त्याले तोंड लावो. दोनदा फू फू करून बी पाह्यलं. तुम्ही दार उघडलं का मागं रेघेवर. तुमचा धाक काय कमी होता?

दुसऱ्या बारीले तुम्ही खांबासारखे बाजूले उभे. मंग काहून हलतो मी.

लहान्यानं टेप ऐकवली ते खरं. मी म्हटलं माहा नोहे तेही खरं. मी जलमभर माहा आवाज भोंग्यातून ऐकला. तो मोठा राहे. टेपीतली बाई लहान वाटली. पण तुम्ही म्हणून राहिले का मीच हावो, तर मले एक डाव पुरा ऐकू द्या. मले बी कळू द्या मी कशी गात होती. आता तेवढंच राहिलं हाये.

कुसुमचा नमस्कार.

*

बंगलोर
७ सप्टेंबर १९८७

आदरणीय नानाजी, जयभीम.

तुळसाआजींचं पत्र मी तीनदा वाचलं आणि आमच्या सरांना भाषांतर करून सांगितलं. ते इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. ज्या कानातून उत्तर येत नाही त्यावर कोणीही फुंकर मारेल.

मग मोजमाप पुन्हा केलं. फितीचा नकाशा (शब्द बदलला आहे) आता तोंड जाळीला लागतं तिथून, म्हणजे फितीपासून चार बोटांवरून काढला, दुसऱ्याचा हातभरावरूनच ठेवला. दोन्ही नकाशांतून एक चाळणी तयार केली. हे मुद्दाम लिहिते, कारण लहानूमामा विचारतीलच की यंत्राने कोणाचाही आवाज कोणाचाही करता येतो, मग यात सिद्ध काय झालं? चाळणी गाणं ऐकून बनवलेली नाही. ती फक्त दोन मायक्रोफोन आणि दोन अंतरं यांवरून बनली आहे. तीच चाळणी, काना-मात्रा न बदलता, दुसऱ्या टेपवरच्या सगळ्या गाण्यांना लावली.

पहिलं, दुसरं, तिसरं आणि चौथं गाणं पहिल्या टेपशी जुळतं. लांबवलेल्या 'आ'मध्ये काही सूर उठून दिसतात, ते गळ्याच्या आणि तोंडाच्या घडणीचे असतात. मायक्रोफोन त्यांना जाड-बारीक करू शकतो, जागेवरून हलवू शकत नाही. चारही गाण्यांत ते पहिल्या टेपच्या जागीच आहेत. सोबतची कॅसेट ऐका.

पण नानाजी, पाचवं जुळत नाही. ते वगळायचं आहे हे तुम्ही लिहिलं होतं, तरी चाकावर होतं म्हणून मी तेही चाळणीतून काढलं. त्यातले सूर दुसऱ्याच जागी आहेत. मी दोन दिवस माझी चूक शोधली; सापडली नाही. जुळतं आणि जुळत नाही, एवढंच मी सांगू शकते. कोण, हे गणित सांगत नाही.

ते गाणंही कॅसेटवर शेवटी घातलं आहे. चाळणीशिवाय, जसं आहे तसं.

तुमची,
चारू

*

इंदोरा, नागपूर
१३ सप्टेंबर १९८७

चि. लहानू यास सप्रेम जयभीम.

हे पत्र टपालाने न पाठवता कोराडीच्या बसने येणाऱ्या तुझ्या शेजाऱ्याच्या हाती देत आहे. वेष्टण छापायला जाण्यापूर्वी ते तुला मिळालेच पाहिजे. चारुलतेची पत्रे आणि तिने पाठवलेली कॅसेट सोबत आहे. ती पत्रे आधी वाच, मग पुढचे वाच.

काल मी पारशिवनीला गेलो होतो. तुळसाबाईंना पहिली चार गाणी फितीच्या कानाने ऐकवली. पहिल्या कडव्याला त्या उठून बसल्या. दुसऱ्याला त्यांचा हात कानावर गेला, गाताना जायचा तसा. सुनेला म्हणाल्या, "कुसुम, हे मी वं." नंतर मी तीच गाणी मूळ रूपात लावली. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "हे बी मीच. मले वळखू आली नाही, इतकंच."

मग मी पाचवे गाणे लावले. मी काहीही सांगितले नव्हते. दोन ओळी झाल्या आणि त्या हसल्या.

"हे कायले लावलं गा मास्तर? हे तर देवकीचं."

मी म्हटले, "नक्की?"

"नक्की म्हणजे? मीच धाडली तिले. माह्या पोराले गोवर निंघाला होता. अंगाले चिकटून होता, सोडे ना. तुमचं यंत्र मागून आणलेलं, दुसऱ्या दिवशी परत कराचं. देवकीले म्हटलं, तू जाय. ते म्हणे, मले श्वास पुरत नाही वं. म्या म्हटलं, पुरते तेवढा घे, बाकीचं कवडू सांभाळते."

"मग हे तुम्ही लहानूला का सांगितले नाहीत?"

"त्यानं हे वाजवलंच कुठं? तीन वाजवली, म्हणे पाचवं घेत नाही आमी, बेकार हाये. अन् मास्तर, तुम्ही तरी कवा विचारलं? तुम्ही तर माहं नाव लावाले निंघाले."

मी कॅसेट काढून पिशवीत ठेवली.

लहानू, पहिली चार गाणी तुळसाबाईंची आहेत. त्यांत तिसरेही आले. ते लिहिताना मला आनंद होत नाही. पण पाचवे तुझ्या आईचे आहे. त्याला मोजमापाचा आधार आहे आणि तिला पाठवणाऱ्या बाईची साक्षही आहे. तुझ्या लेखातल्या विधानाला यांपैकी एकही नव्हता. ते गाणे तू वगळणार होतास, आणि मी त्याला संमती दिली होती. श्वास तुटतो, असे मीच लिहिले. पुढच्या उन्हाळ्यात ती छातीच्या दुखण्याने गेली, हे आपण दोघेही जाणत होतो.

आता निर्णय तुझा आहे. मात्र पाचवे गाणे वगळलेस तर मी मंडळाच्या दारात बसेन, आणि माझे वय पाहता ते तुम्हाला परवडणार नाही.

तुझा,
देवराव खोब्रागडे

*

कोराडी वसाहत
१९ सप्टेंबर १९८७

आदरणीय गुरुजींना जयभीम.

दारात बसू नका. वेष्टण थांबवलं. चार गाण्यांवर तुळसामावशीचं नाव घातलं, पाचव्यावर आईचं. मावशीनं निरोप धाडला की चाळणीतलं नको, जसं हाये तसंच छापा, लोकायले दुसराही कान माहीत होऊ द्या. मलेही तेच बरं वाटलं.

एक खरं सांगतो. मी पाचवं गाणं रोज ड्युटीवरून आलो की ऐकतो. मले अजून ती आई वाटत नाही. तिसऱ्यातलीच आई वाटते. ती सवय जाता जात नाही. पाचव्यात कोणी अनोळखी बाई गाते, दमते, थांबते, पुन्हा सुरू करते. काल बायको म्हणाली, तुम्ही जिना चढून आले की असेच थांबता.

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

स्मरणिकेची दुरुस्ती तुम्हीच लिहून द्या. माझ्या हातून पुन्हा काही चुकायचं.

लहानू

*

इंदोरा, नागपूर
२४ सप्टेंबर १९८७

चि. लहानू यास सप्रेम जयभीम.

मागितल्याप्रमाणे शुद्धिपत्र खाली दिले आहे. कॅसेटसोबतच्या चिठ्ठीत ते असेच छापावे. मजकुरात बदल करू नये. माझ्या चुकीची नोंद आहे, तीही गाळू नये.

फेब्रुवारी १९६४ (लेखात "१९६३ अखेर") : पहिली टेप. फितीचा मायक्रोफोन. गायिका तुळसाबाई, रेघेच्या पुढे, चार बोटांवरून.

१२ मार्च १९६८ (लेखात "१९६७") : दुसरी टेप, पहिले ते चौथे गाणे. साधा मायक्रोफोन. गायिका तुळसाबाई, रेघेवर, हातभर अंतरावरून.

१२ जून १९८७ : या तारखेच्या पत्रात मी पाचही गाणी १२ मार्चची आणि तुळसाबाईंची म्हटली आहेत. ते विधान मागे घेतले आहे.

१३ मार्च १९६८ (लेखात नोंद नाही, पत्रात नोंद नाही) : दुसरी टेप, पाचवे, शाळेचे गाणे. देवकीबाई गायल्या.